डबलरोटी, मशीन आणि कणकेतले हात

आमच्या मुखेडकडं ब्रेड हा खाण्याचा पदार्थ कमी आणि दुखण्याचा जास्त. सकाळी सकाळी कुणाच्या हातात ब्रेडचा पुडा दिसला की समोरचा हमखास विचारणार, "कोण आजारी हाय वो घरी?" तापातून उठलेल्या लेकराला चहात बुडवून दोन स्लाइस, दवाखान्यात ॲडमिट असलेल्या पेशंटला दूध-ब्रेड, एवढीच त्याची ओळख. जुनी माणसं तर त्याला ब्रेडही म्हणत नसत आणि पावही नाही. 'डबलरोटी' म्हणत. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं शब्दही हैदराबादेकडचा. नांदेड-देगलूरकडच्या लग्नांत 'डबल का मीठा' ज्यांनी खाल्लाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुपात तळलेली डबलरोटी, साखरेचा पाक, आटवलेलं दूध... आजाऱ्याचं अन्न असं नटूनथटून लग्नातही मिरवायचं!

आता मात्र चित्र पालटलंय. शाळेच्या डब्यात सँडविच, संध्याकाळी गाड्यावर पावभाजी, घाईच्या सकाळी चहासोबत टोस्ट. ज्वारीच्या मुलखात ब्रेड रोजचा झाला. आणि अलीकडं काही घरांत ब्रेड बनवायचं मशीनही येऊन बसलंय. कुणाचा मुलगा पुण्याहून घेऊन येतो, कुणाची लेक ऑनलाइन मागवून पाठवते. आमच्या ओळखीच्या एका वहिनींकडं असंच आलं. वहिनींना सांधेवाताचा त्रास, मनगटं सुजतात, परातीत कणीक मळायची म्हणजे शिक्षाच. लेकीनं आईचा हात सुटावा म्हणून पाठवलं. पहिले काही दिवस ते फ्रीजवर टॉवेल पांघरून बसलं होतं. मग आम्ही चार-पाच जणींनी मिळून एका दुपारी ते लावलं.

मैत्रिणींनो, मशीन म्हणजे दिसायला बादलीएवढा डबा. आत न चिकटणारं भांडं, भांड्याच्या बुडाशी एक छोटं फिरकीसारखं पातं आणि भोवती ओव्हनसारखी तापणारी कॉइल. पीठ, पाणी, मीठ, साखर, तेल, यीस्ट घालायचं, बटण दाबायचं. तेच मळतं, तेच पीठ फुगायला ठेवतं, पुन्हा थोडं मळतं, पुन्हा फुगवतं आणि शेवटी भाजतं. साधा ब्रेड सुमारे तीन तासांत, गव्हाच्या पिठाचा साडेतीन-चार तासांत. आपण तोवर धुणं वाळत घाला, देवदर्शनाला जा नाहीतर सरळ झोपा. एका ब्रेडला अर्धा युनिटसुद्धा वीज जळत नाही.

या मशीनच्या जन्माची गोष्ट मोठी छान आहे. जपानमधल्या ओसाका शहरात मात्सुशिता नावाची कंपनी. आज आपण तिला पॅनासोनिक म्हणून ओळखतो. १९८५ च्या सुमारास तिथले इंजिनिअर घरगुती ब्रेड मशीन करायच्या मागं लागले होते. पण काही केल्या ब्रेड जमेना. वरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. मशीननं मळलेलं पीठ आणि कसलेल्या बेकरनं मळलेलं पीठ या दोन्हींचे त्यांनी चक्क एक्स-रे काढून पाहिले, तरी घोडं अडलेलंच! तेव्हा इकुको तनाका नावाची त्यांची सॉफ्टवेअर करणारी मुलगी म्हणाली, शहरात उत्तम ब्रेडसाठी नावाजलेलं ओसाका इंटरनॅशनल हॉटेल आहे, मी तिथल्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकते. ती गेली, पीठ मळायला बसली. आणि तिच्या लक्षात आलं की तो बेकर पीठ नुसतं दाबत नाही, ओढताना त्याला एक विशिष्ट पीळ देतो. तिनं परत येऊन इंजिनिअरांना ते समजावलं. मग मशीनच्या भांड्यात आतून खास उभे कंगोरे बसवले, पात्याचा वेग बदलला, तेव्हा कुठं ब्रेड जमला. १९८७ मध्ये मशीन बाजारात आलं आणि धडाधड खपलं. पुढं इकुजिरो नोनाका नावाच्या जपानी प्राध्यापकांनी ही गोष्ट व्यवस्थापनशास्त्राच्या लेखनात मांडली आणि ती जगभर पोचली. हातात असलेलं पण तोंडानं सांगता न येणारं ज्ञान कसं असतं याचं उदाहरण म्हणून ती आजही सांगतात.

ही गोष्ट मी आमच्या बायकांना सांगितली तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पुरणाची कणीक आम्ही तशीच तिंबतो की!" अगदी बरोबर! मराठीत 'मळणं' वेगळं आणि 'तिंबणं' वेगळं. पोळीची कणीक मळतात, पुरणपोळीची तिंबतात. पाण्याचा हात, तेलाचा हात लावून, आपटून, ओढून, तार सुटेपर्यंत. गव्हात जी प्रथिनं असतात ती पाणी लागून ओढली गेली की त्यांचं रबरासारखं जाळं तयार होतं. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. यीस्ट पिठातली साखर खाऊन वायू सोडतं, तो वायू या जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. जाळं कच्चं राहिलं तर वायू निसटतो आणि ब्रेडची वीट होते. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. फक्त त्यांच्या कणकेचा एक्स-रे काढायला कुणी आलं नाही आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कुठली कंपनी आली नाही!

असो. कृती सांगते, कारण कात्रण काढून ठेवणाऱ्या मैत्रिणी त्याचीच वाट बघत असतील. मध्यम आकाराच्या ब्रेडला चाळलेलं गव्हाचं पीठ ४०० ग्रॅम, पाणी साधारण २९० ते ३०० मिलिलिटर, तेल दोन मोठे चमचे, साखर किंवा किसलेला गूळ दीड मोठा चमचा, मीठ सव्वा लहान चमचा आणि इन्स्टंट यीस्ट एक लहान चमचा. निम्मा मैदा घातला तर पाणी वीस-तीस मिलिलिटर कमी करा. चक्कीवर दळलेलं आपलं पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं, म्हणून मशीनसोबतच्या पुस्तकातलं परदेशी माप जसंच्या तसं चालत नाही. भांड्यात आधी पाणी आणि तेल, मग एका कडेला मीठ, दुसऱ्या कडेला साखर, त्यावर सगळं पीठ, आणि पिठात बोटानं खळगा करून त्यात यीस्ट. यीस्टला सुरुवातीलाच मीठ आणि पाणी लागू द्यायचं नाही. आपली मशीनची पुस्तिका उलटा क्रम सांगत असेल तर मात्र पुस्तिकेचं ऐका.

खरी गंमत पुढच्या दहा मिनिटांत आहे. झाकण उघडून बघायला भ्यायचं नाही. मळण चालू असताना उघडलं तर काही बिघडत नाही, भाजताना मात्र उघडू नका. गोळा गुळगुळीत दिसला पाहिजे, पुरणपोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट. भांड्याला चिकटून पसरत असेल तर चमचाभर पीठ, कोरडा ठणठणीत असेल तर चमचाभर पाणी. हा अंदाज मशीनला नाही, तो आपल्या डोळ्यालाच आहे. वहिनींचं मनगट वाचलं, पण वहिनींची नजर लागलीच ना!

आमच्याकडच्या उन्हाळ्याचं पुस्तिकेत कुठंच काही नसतं. मुखेडला एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. अशा दिवसांत नळाचं पाणीच कोमट असतं. मग यीस्ट उधळतं, पीठ झाकणापर्यंत चढतं आणि भाजताना मधोमध धसतं. वहिनींचा मे महिन्यातला पहिला ब्रेड असाच विहिरीसारखा खचला होता. उपाय सोपा. फ्रीजमधलं गार पाणी घ्यायचं, यीस्ट पाव चमचा कमी करायचं आणि मशीन पहाटे लावायचं. थंडीत उलट, बोटाला सोसवेल असं कोमट पाणी. यीस्टचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डबीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. शंका आली तर चिमूटभर यीस्ट साखरेच्या कोमट पाण्यात टाकून बघा, दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते मेलं समजा.

आणि लाइट? हा प्रश्न आमच्या भागात कुणालाही आधी पडणार. बऱ्याच मशीनना काही मिनिटांपुरतीच आठवण असते. तेवढ्यात लाइट आली तर काम जिथल्या तिथं पुढं चालू होतं, नाहीतर सगळं मुसळ केरात. पण पीठ मळून झालं असेल तर वाया जाऊ देऊ नका. तूप लावलेल्या डब्यात गोळा घाला, दुप्पट फुगू द्या आणि केक करतो तसा कुकरमध्ये भाजा. कुकरच्या तळाला मिठाचा थर, वर स्टँड, झाकणाची शिट्टी आणि रिंग दोन्ही काढलेली, पाणी अजिबात नाही, मंद आचेवर पाऊण तास. रंग फिका येतो, पण आतून मस्त शिजतो. ब्रेड कशातही भाजा, एक तासभर निवल्याशिवाय सुरी लावू नका. गरम ब्रेड कापला की आत गिच्च लागतो आणि मग बायका म्हणतात, कच्चा राहिला.

ज्वारीचा ब्रेड होतो का, हे मला सगळ्यांनी विचारलं. नुसत्या ज्वारीचा या मशीनमध्ये होत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून तर आपण भाकरीला आधणाचं पाणी घालतो. उकळत्या पाण्यानं पिठातलं पिठूळ शिजून चिकट होतं आणि भाकरी थापता येते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही गरम पाणी घाला, कडा चिरायच्या त्या चिरतातच. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाला ३०० ग्रॅम गहू अशी जोडी जमते. ज्वारीचं पीठ आधी उकळत्या पाण्यात भिजवून, पूर्ण निववून मग घाला. ते पाणी एकूण मापातलंच धरायचं, वरचं नाही. ब्रेड थोडा बुटका होतो पण ओलावा टिकून राहतो आणि चवीला जी खमंग गोडी येते ती दुकानच्या ब्रेडला नाही. साखरेचा आजार असलेल्यांनी मात्र घरचा आहे म्हणून चार-चार स्लाइस खाऊ नयेत. घरचा झाला तरी ब्रेडच तो.

घरी करावाच कशाला, असंही कुणी म्हणेल. तर २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं ब्रेड, पाव, बन यांचे ३८ नमुने तपासले. त्यातल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. पीठ लवकर आणि भरपूर फुगावं म्हणून बेकऱ्या ते घालत. ब्रोमेटमुळं कर्करोगाचा धोका असू शकतो म्हणून अनेक देशांनी ते आधीच बंद केलं होतं. आपल्याकडं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जून २०१६ मध्ये परवानगीच्या यादीतून ब्रोमेट काढून टाकलं. तेव्हापासून मी पुड्यामागची बारीक अक्षरं वाचायला लागले. ब्राउन ब्रेड म्हणून घेतो त्याचा रंग पुष्कळदा कॅरॅमलचा असतो आणि यादीत पहिलं नाव मैद्याचंच. एकदा तुम्हीही चष्मा लावून वाचा.

पण माझ्या मनात घोळत होतं ते वेगळंच. ब्रेडच्या बाबतीत आपल्याकडं चवीआधी नेहमी एकच प्रश्न आला, मळला कुणी? पाव हा शब्द आला पोर्तुगीजांकडून. गोव्यात यीस्ट मिळेना तेव्हा माडाची सूर घालून पीठ फुगवलं गेलं. त्यातूनच गोव्याच्या पोदेरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा उभा राहिला. उंडे, पोळी, कांकणं. सकाळी सायकलचा भोंगा वाजला की तिथली घरं जागी होतात. आपल्याकडं मात्र कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले की पायानं तुडवतात म्हणून तो पाव! बाटण्याची भीती त्या पावाला कायमची चिकटली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढं आली म्हणून केवढं ग्रामण्य झालं! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्त घेण्याची पाळी आली. तिथं हजर राहून ती नावं छापून आणणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाबद्दल लिहिलंय. घरातल्या बाईला त्याचा काय जाच होतो ते त्यातून कळतं.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं तर २०२० चा मे महिना आठवा. लॉकडाऊन होता. केंट कंपनीनं आपल्या कणीक आणि ब्रेड बनवणाऱ्या मशीनची एक जाहिरात टाकली. तिचा आशय असा की कामवाल्या बाईला हातानं कणीक मळू देता का, तिच्या हातांना संसर्ग असू शकतो. देशभर लोक चिडले. कंपनीला जाहिरात मागं घेऊन माफी मागावी लागली. जाहिरातीत चेहरा होता त्या हेमामालिनी यांनीही तो विचार आपल्याला मान्य नसल्याचं जाहीर केलं. पाव पायानं तुडवतात म्हणणारे आणि हे जाहिरात लिहिणारे यांच्यात शंभर-सव्वाशे वर्षांचं अंतर, पण बोट मात्र त्याच दिशेनं!

त्या दिवसांत आमच्या गल्लीत पोळ्या लाटून देणाऱ्या मावशींची सगळी घरं सुटली. चार घरच्या पोळ्यांवर त्यांचं चाललेलं, धाकट्या मुलीचं शिक्षणही त्यातच. पुढं हळूहळू दोन घरं पुन्हा मिळाली. वहिनींकडं त्याच पोळ्या करतात. त्या दुपारी मशीन गुरगुरत होतं तेव्हा त्या दाराशी उभं राहून बघायल्या होत्या. शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आता माझ्या पोळ्या बंद होणार काय वो?" वहिनींनी आतून ऐकलं. म्हणाल्या, "मावशी, ब्रेडला काय वरण लावून खायचंय का? या आत, तुम्हीच बघा पीठ बरोबर झालंय का." मावशींनी झाकण उघडलं, दोन बोटांनी गोळा चिमटीत धरून ओढला आणि सांगितलं, "पाणी कमी पडलंय, दोन चमचे घाला." घातलं. त्या दिवशीचा ब्रेड सगळ्यांत चांगला निघाला.

तिथंच आमच्या बचत गटाच्या डोक्यात आलं की आपणही मशीन घेऊन ब्रेड विकूया. गव्हाचा, ज्वारीचा, मैदा न घातलेला. मागणी आहे. शिक्षक कॉलनीतल्या बायकांनी आधीच विचारून ठेवलंय. पण आम्ही पाटी घेऊन हिशेब मांडला. एक मशीन एका वेळी एक ब्रेड करतं, पीठाचा ब्रेड चार तासांचा. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत सतत चालवलं, लाइट गेली नाही असं धरलं, तरी तीन ब्रेड. एकेक साठ रुपयांना विकला तरी दिवसाचे एकशे ऐंशी. त्यातून पीठ, तेल, यीस्ट, पिशवी, वीज वजा जाता दहा जणींच्या गटात वाटायला उरणार काय? घरच्या चार माणसांसाठी मशीन उत्तम. ज्यांचे हात दुखतात त्यांच्यासाठी तर वरदानच, हे मी कुणालाही सांगेन. पण त्यावर पोट भरत नाही. मशीन विकणारा 'घरबसल्या उद्योग' म्हणून गळ्यात मारत असेल तर आधी त्याच्याकडून दिवसाला किती ब्रेड निघतात ते लिहून घ्या.

धंदा करायचा तर मळण हातानं किंवा पीठ मळायच्या मोठ्या यंत्रानं, आणि भाजायला एका वेळी दहा-बारा डबे बसतील असा ओव्हन. अन्नसुरक्षेची नोंदणी करावी लागते, पिशवीवर तारीख आणि घटक छापावे लागतात. प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची जी पीएमएफएमई योजना २०२० मध्ये सुरू झाली तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि बचत गटातल्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद केलेली होती. अर्ज करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात सध्याचे नियम विचारून घ्यावेत, म्हणून आमच्यातल्या दोघी तिथं जाऊन कागदांची यादी लिहून आणणार आहेत. नांदेडला जुने ओव्हन विकायला निघतात असं कळलंय, तेही बघायचंय.

मावशींना गटात घ्यायचं ठरलंय. दरमहा शंभर रुपये बचत त्यांना जड जाईल, म्हणून पहिले सहा महिने पन्नास भरायला सगळ्यांनी हो म्हटलं. पिठाचं काम त्यांच्याकडं राहील. तोवर दर रविवारी वहिनींच्या मशीनमध्ये एक ब्रेड लावतोय, पाण्याचं माप वहीत लिहून ठेवतोय. गेल्या रविवारी ज्वारी १२० ग्रॅमपर्यंत नेली होती. मावशी म्हणतात अजून वीस ग्रॅम चालेल, मला वाटतं बसेल तो खाली. बघू.